कंसातलं खोटं

दिगंबर मास्तरांनी भिंतीवरचं कॅलेंडर फाडून त्यातला मार्च महिना चावायला सुरुवात केली तेव्हा दुपारचा सव्वा वाजला होता आणि मी डब्यातली गवार खात होतो. एका हाताने जेवायचं आणि दुसऱ्या हाताने टाइप करायचं, ही कला मला तेव्हा चांगलीच साधली होती. मार्च संपवून मास्तर एप्रिलकडे वळले. मग ते खदाखदा हसले, त्यांनी स्वतःचे केस उपटले आणि "माझ्या डोक्यात चौदा माणसांची पंगत बसली आहे आणि वाढपी मी एकटा" असं ओरडत जिन्यावरून खाली धावत सुटले. मी ते प्रकाशित केलं, डबा धुतला आणि खिडकीवर बेअरिंग मागायला आलेल्या फिटरकडे वळलो.

ही दोन हजार दहाची गोष्ट. मी नाशिकला, अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत होतो. माल आला-गेला लिहायला कंपनीने मला कॉम्प्युटर दिला होता आणि दुपारच्या सुट्टीत त्यावर मी 'पडवी' नावाच्या मराठी संकेतस्थळावर पडीक असायचो. तिथे 'विसावा' नावाचा एक खेळ चालायचा. चांदेघाट नावाच्या, कुठल्याही नकाशात नसलेल्या थंड हवेच्या गावात विसावा नावाची खाणावळ आहे, वर चार खोल्या आहेत आणि तिथे राहणारी माणसं आम्ही लिहायचो. प्रत्येकाचं एक पात्र. एकाने दहा ओळी लिहायच्या, दुसऱ्याने आपल्या पात्राकडून त्याला उत्तर द्यायचं, अशी गोष्ट पुढे सरकायची. खेळ चालवणारा गृहस्थ मस्कतला नोकरी करायचा आणि स्वतःला खलाशी म्हणवायचा. माझं तिथलं नाव बोलघेवडा. आमच्यापैकी कोणी कोणाला पाहिलेलं नव्हतं.

नियम दोनच होते. दुसऱ्याच्या पात्राला हात लावायचा नाही. तुम्ही प्रश्न विचारा, समोरचं पात्र काय उत्तर देणार ते त्याचा धनी ठरवेल. आणि दुसरा, गोष्टीबाहेरचं काही बोलायचं असेल तर ते चौकटी कंसात लिहायचं. [मुलीची परीक्षा आहे, आठ दिवस येणार नाही] असं. कंसाच्या बाहेर खून करा, दरोडे घाला, कोणाची बायको पळवा, सगळं माफ होतं. कंसात मात्र माणूस स्वतःच्या तोंडाने बोलतोय असं सगळे धरून चालत. कंसात कोणी खोटं बोलत नसे. तसं बोलू नये असं कुठे लिहिलेलंही नव्हतं, कारण ते लिहावं लागेल असं कोणाला वाटलंच नव्हतं.

दिगंबर मास्तर हे माझं पात्र. निवृत्त गणित शिक्षक, कानात आवाज येतात, वरच्या मजल्यावर तिसऱ्या खोलीत एकटे राहतात. वेडा माणूस लिहायचा म्हणजे काय अवघड आहे, असं मला वाटायचं. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी तीन वर्षं वेड्याचं काम केलं होतं आणि एकदा त्यात माझा सदरा खरोखर फाटला होता. डोळे फिरवायचे, हसायचं, मध्येच रडायचं आणि अधूनमधून असं काही बोलायचं की शहाण्यांनी मान डोलवावी. वाचक खूश होते. 'अंगावर काटा आला', 'मास्तर म्हणजे मास्तर', अशा प्रतिक्रिया येत. संध्याकाळी घरी जाताना मी त्या मनातल्या मनात पुन्हा वाचायचो.

कॅलेंडरच्या दुसऱ्या दिवशी मात्र एक कंस आला. लिहिणारी होती रानजाई. ती खाणावळीच्या मालकीणबाई, इंदूमावशी, लिहायची. फार कमी लिहायची, पण तिने नुसतं 'मावशींनी पोळ्या झाकून ठेवल्या' असं लिहिलं तरी त्या पोळ्या दिसत.

[बोलघेवडा, राग मानू नका. अशी माणसं कागद खात नाहीत. ती जेवत नाहीत, एवढंच. आणि एवढं हसतही नाहीत. तुम्ही कोणाला जवळून पाहिलंय का?]

सगळ्यांसमोर लिहिलं होतं. मला चांगलंच झोंबलं. बेचाळीस माणसांना काटा येतो आणि हिला येत नाही म्हणजे काय? चहाचा कप खाली ठेवायच्या आत मी उत्तर टाकलं.

[माझा सख्खा मोठा भाऊ असा आहे. अकरा वर्षं झाली. मी रोज बघतो. त्यामुळे कोणी मला शिकवू नये.]

आता माझा मोठा भाऊ, रावसाहेबदादा, याच्याइतका ठार शहाणा माणूस अख्ख्या निफाड तालुक्यात मिळाला नसता. त्याचं चांदोरीला खताचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला पोतं देताना तो शिवण तीनदा तपासायचा, आणि रविवारी माझ्याकडे आला की माझ्या घरातले नळ घट्ट बंद आहेत का ते बघायचा. आजवर त्याच्या कानात माझ्या वहिनीचा सोडून दुसरा कुठला आवाज शिरलेला नव्हता.

मला वाटलं, एखादा दिवस लोक हळहळतील आणि विसरतील. लोक विसरलेच. रानजाईने दोन दिवस काही लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने मला एकट्याला निरोप पाठवला. [माफ करा. मला माहीत नव्हतं. अकरा वर्षं म्हणजे फार झाली.] बस, तेवढंच. मी ते वाचलं आणि मला थोडं कसंतरी झालं. पण फिटर खिडकीवर उभाच होता.

त्यानंतर इंदूमावशी बदलल्या. आधी त्या दारावर ताट ठेवून निघून जायच्या. आता दाराशी बसायला लागल्या आणि प्रश्न विचारायला लागल्या. आणि ते प्रश्न भलतेच बारीक.

"मास्तर, पंख्याखाली का झोपत नाही तुम्ही? पंखा काही म्हणतो का?"

"मास्तर, मी भाजीत हात घालून चव बघितली की तुम्ही जेवता. चमच्याने बघितली की जेवत नाही. असं का?"

"मास्तर, आवाज एकाचाच असतो की पुष्कळांचा? त्यात एखादा बरा बोलणारा असतो का?"

मला यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं. पण प्रश्नच इतके चांगले होते की उत्तरं आपोआप सुचायची. पंखा नावं घेतो. चमच्यावर दुसऱ्या कोणाचं तरी तोंड दिसतं. पुष्कळांचा असतो, आणि एक बरा असतो, पण तो फार हळू बोलतो. मी लिहायचो, आणि मास्तर कॅलेंडर खायचे बंद झाले. ते गप्प बसायला लागले. भिंतीकडे तोंड करून, दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसायचे, कारण एकदा मावशीच म्हणाल्या होत्या, "हात काढा ना मांड्यांखालून, मुंग्या येतील." खलाशीने सगळ्यांना जाहीर निरोप दिला की बोलघेवड्याने पात्र कसं लिहावं याचा वस्तुपाठ घालून दिला आहे. रानजाईचं नाव त्याने घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

मला नेमकं कळत नव्हतं की हे काय चाललंय. ही बाई मला लिहायला शिकवत होती, की माझ्याकडून काही शिकत होती? कधी वाटायचं, ती पट्टीची लेखिका आहे. कधी वाटायचं, ही मावशी होऊन मास्तरांना विचारत नाहीये, हिला उत्तर हवंय. मग मी स्वतःलाच म्हणायचो, असं कसं असेल, गोष्ट आहे ही.

एकदा तिने निरोपात विचारलं, [तुमचे भाऊ गोळ्या घेतात का? सांगून देता की जेवणात घालून?]

खरं सांगायची ती वेळ होती. पण खरं सांगायचं तर आधीचं सगळं खोटं होतं हेही सांगावं लागलं असतं, आणि मास्तरांची तर नुकती वाहवा सुरू झाली होती. मग मी विचार केला, आपल्याला कोणी जेवणातून औषध घातलं तर आपल्याला काय वाटेल? तेच लिहिलं. [सांगून देतो. लपवलेलं त्याला कळतं, मग तो जेवणच सोडतो.]

आठ दिवसांनी निरोप आला. [तुमचं खरं ठरलं. आता समोर ठेवून देते, घेतो. देव तुमचं भलं करो.]

'घेतो', असं होतं. कोण घेतो, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, आणि तिने सांगितलं असतं तर मला पुढे खेळता आलं नसतं. हे मला तेव्हाही कळत होतं. नव्हतं कळत असं म्हणायला मी आता तयार नाही. आणि लाज वाटण्याऐवजी मला त्या दिवशी चक्क अभिमान वाटला. बघा, न बघता, न शिकता, आपण बरोबर सांगितलं. आपल्यात काहीतरी आहे.

दिवाळीच्या आधी खेळ रेंगाळला. खलाशी म्हणाला, विसाव्यात काहीतरी घडू द्या, लोक कंटाळलेत. मी डोकं चालवलं आणि मास्तरांना दार उघडून कित्येक दिवसांनी खाली आणलं. ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "मावशी, इतके दिवस विचारतो विचारतो म्हणत होतो. तुम्हाला ऐकू येतात का हो ते?"

आणि मी थांबलो. पुढचं उत्तर माझं नव्हतं, नियम होता. रानजाई चार दिवस आली नाही. लोक प्रतिक्रियांमध्ये पैजा लावायला लागले. पाचव्या दिवशी दुपारी तिचा निरोप आला. त्या दिवशी आमच्याकडे वर्षाची मालमोजणी होती, स्टोअरमध्ये ऑडिटवाले दोघं बसलेले, बाहेर ट्रक उभा आणि ड्रायव्हर दर पाच मिनिटांनी हॉर्न देत होता.

[एक विचारते. तुमचे भाऊ असं विचारतात का? विचारलं तर तुम्ही काय म्हणता? लवकर सांगाल का?]

मला 'लवकर' या शब्दापाशी थांबायला हवं होतं. गोष्टीत कसली आलीये घाई? पण मला दिसला तो पुढचा प्रसंग. मावशी 'हो' म्हणतात आणि म्हाताऱ्या मास्तरांच्या डोळ्यांत पाणी येतं. आयुष्यात पहिल्यांदा ते एकटे नाहीत. काय प्रसंग होता! मावशी 'नाही' म्हणाल्या असत्या तर सगळं तिथेच आटोपलं असतं. मी उभ्या उभ्या टाइप केलं.

[विचारतो. मी म्हणतो, हो, मलाही येतात. त्याक्षणी शांत होतो. पोटभर जेवतो.]

आणि बेअरिंगची खोकी मोजायला गेलो.

दुसऱ्या दिवशी इंदूमावशींचं उत्तर आलं. एकच ओळ. "हो मास्तर. मलाही येतात." मग मी लिहिलं. मास्तर उंबऱ्यावर बसले, हमसून रडले, दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिथेच, चुलीच्या उबेला, झोपी गेले. ते मी कसं लिहिलं मला माहीत नाही. पुन्हा तसं कधी जमलं नाही. एकशे अकरा प्रतिक्रिया आल्या. मस्कतहून खलाशीने लिहिलं की त्याच्या बायकोने त्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदा रडताना पाहिलं. रानजाईने काही लिहिलं नाही.

ती त्यानंतर दिसलीच नाही. मी मास्तरांकडून हाका मारून पाहिल्या. मग तेराव्या दिवशी निरोप आला. खाली फोन नंबर होता आणि पूर्ण पत्ता. सुलभा गावंडे, मूर्तिजापूर, जिल्हा अकोला.

[मी म्हटलं. तो शांत झाला, पोटभर जेवला, तुम्ही सांगितलं तसंच. सकाळी उठून बघते तर घरात नाही. बारा दिवस झाले. तुमच्या भावाला विचारून सांगाल का, असं झालं म्हणजे माणूस कुठे जातो?]

मी ते तीनदा वाचलं. मला आधी कळलंच नाही की 'तो' म्हणजे मास्तर नव्हेत. मास्तर तर चुलीपाशी झोपलेले होते, मीच झोपवले होते.

त्या संध्याकाळी मी घरी न जाता चांदोरीला गेलो आणि दादाच्या दुकानात पोत्यावर बसून सगळं सांगितलं. तो वजनकाटा पुसत ऐकत होता.

"म्हणजे मी वेडा?" तो म्हणाला.

"अकरा वर्षं."

"आणि त्या बाईला तू माझ्या नावावर औषधपाणी सांगितलंस."

"हो."

त्याने फडकं घडी करून ठेवलं. "दत्ता, माझ्या दुकानात एखाद्याने विचारलं, पानं पिवळी पडलीत काय मारू, तर मी आधी पान मागतो. बघितल्याशिवाय सांगत नाही. पीक त्याचं असतं." मग म्हणाला, "फोनवर उरकू नको. जा."

मी दोनदा कंस उघडून पाहिला होता आणि दोनदा पुसला होता. कंसात आता मी काहीही लिहिलं असतं तरी ते कशावरून खरं? दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि त्याच्या पुढच्या दिवशी सकाळची गाडी पकडली.

घर नगरपालिकेच्या वाचनालयामागे होतं. ती तिथे ग्रंथपाल होती, तिथल्याच कॉम्प्युटरवरून लिहायची. दार उघडणारी बाई पन्नाशीची, बुटकी, साडीचा पदर कमरेला खोचलेली. मी नाव सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या खांद्यावरून मागे, फाटकाकडे पाहिलं.

"एकटेच आले? भाऊ नाही आले का?"

मी चपला काढायला वाकलो.

"या न, बसा," ती म्हणाली. "तो मिळाला. परवा मिळाला. भुसावळच्या स्टेशनवर बसलेला होता, पोलिसांनी फोन केला. माझा भाऊ जाऊन घेऊन आला." आणि आवाज खाली आणून म्हणाली, "पण घरात येऊन नाही राहिला. ते बघा."

मागच्या दारातून अंगण दिसत होतं. भिंतीलगत कपडे धुवायच्या दगडावर चोवीस-पंचवीस वर्षांचा एक मुलगा उन्हात बसला होता. डोक्यावर टॉवेल, दोन्ही हात मांड्यांखाली.

"प्रफुल्ल. इंजिनिअरिंग करत होता, दुसऱ्या वर्षाला सुटलं. मी जवळ गेली की उठून फाटकाशी जातो. माझ्या हातचं खात नाही, मामाकडून डबा येतो. मामाला म्हणे, सोमवारी मी जातो, या वेळी परत आणू नका."

"का पण?"

तिने अंगणाकडे पाठ केली. मग म्हणाली, "मामाला म्हणे, आईला माझ्यामुळे लागलं. इतके दिवस तिला ऐकू येत नव्हतं म्हणून मला वाटायचं, नसेलही काही. घरात एक माणूस होतं ज्याला येत नाही. आता तिलाही येऊन राहिले. मी निघून गेलो तर तिचे थांबतील."

तिने हे अगदी सरळ सांगितलं, पुस्तकाचं नाव सांगावं तसं. मी खुर्चीवर बसलो होतो तो उठलो.

"काकू, मला असा भाऊ नाही."

"वारले?"

"नाही. भाऊ आहे, पण ठणठणीत आहे. खताचं दुकान आहे त्याचं. मी ते... तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत ना, मला राग आला, म्हणून लिहिलं."

"कंसात?"

"कंसात."

"आणि ते गोळ्यांचं?"

"अंदाजाने."

"आणि हो म्हणायचं?"

मी मान खाली घातली. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा संतापही आला, कारण रडायचा हक्क माझा नव्हता. ती काही ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं मला," ती म्हणाली. "वादही घालू नका आणि होही म्हणू नका. मी विचारलं, मग काय म्हणू? ते म्हणाले, जमेल तुम्हाला. डॉक्टरांच्या घरी असं कोणी नाही न. तुमच्या घरी होतं. म्हणून मी तुमचं ऐकलं." तिने पदर सोडला, पुन्हा खोचला. "आता रडू नका. मला सांगून काय उपयोग? त्याला सांगा."

मी अंगणात गेलो. पंधरा पावलांवर असताना त्याने न वळता हात वर केला. मी थांबलो.

"मी दत्ता खैरनार. नाशिकहून आलोय. आईबरोबर ती गोष्ट लिहितो, कॉम्प्युटरवर."

आता तो वळला. चेहरा साधा, दाढी वाढलेली, डोळे झोप न झालेल्या माणसाचे. त्यात फिरवायसारखं काही नव्हतं.

"बोलघेवडा," तो म्हणाला. "आई सांगायची. तुमचा भाऊ माझ्यासारखा आहे न. अकरा वर्षं झाली न त्याला? जेवतो न आता नीट?"

या प्रश्नाची मी तयारी केलेली नव्हती. त्याच्या आईला त्या भावाचा आधार होता, हे मला माहीत होतं. त्यालाही तो भाऊ सोबत देत होता हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

"तसा भाऊ नाही मला," मी म्हणालो. "मी खोटं लिहिलं होतं. आईला काय म्हणायचं तेही मीच सांगितलं, तेही खोटं. तिला काही ऐकू येत नाही. कधीच येत नव्हतं."

त्याने डोक्यावरचा टॉवेल काढला.

"म्हणजे तुम्ही तेव्हा खोटं बोलले, का आत्ता बोलून राहिले?"

मी शपथ घेऊ शकत होतो. पण शपथ तर खोटारडाही घेतो. त्याचा प्रश्न मी मनात सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला आणि मला बाहेर पडायची वाट दिसेना. आणि खरं सांगतो, त्या उन्हात उभं राहून क्षणभर माझीच खात्री होईना की मी काय काय केलंय, काय नुसतं लिहिलंय. आमच्या दोघांत जास्त शहाणा तोच वाटत होता.

मागून पायरीवर पावलं वाजली. तो ताडकन उठला आणि फाटकाकडे सरकला.

"थांब," सुलभाकाकू म्हणाल्या. "मी पुढे येत नाही. इथेच उभी राहते. त्यांना सोड. मला विचार."

"तुला ऐकू येतात?"

"नाही."

"त्या दिवशी?"

"त्या दिवशीही नाही."

"मग हो काहून म्हटलं?"

मला वाटलं, आता त्या डॉक्टरांचं सांगतील, माझं सांगतील, इंदूमावशींचं सांगतील. बोट दाखवायला मी समोर उभाच होतो.

"तू जेवशील म्हणून," त्या म्हणाल्या. "तीन दिवस काही खाल्लं नव्हतं तू."

प्रफुल्लने फाटकाची कडी धरलेली होती. तो आईकडे बघत राहिला. कडी हातातच होती, पण त्याचे खांदे खाली आले.

"जेवायसाठी म्हटलं," तो म्हणाला.

"हो न."

"वांग्याची भाजी होती."

"हो. तूच मागितली होती सकाळी, आणि मग हात नाही लावला."

"जेवायसाठी तू काहीही म्हणते," तो म्हणाला. "लहानपणी म्हणायची, दूध नाही पिलं तर शाळा बंद होईल." हे तो तिला सांगत नव्हता. स्वतःशीच हिशोब लावत असावा, की ही बाई असं का बोलली असेल, आणि हे कारण तिच्यात बसतं की नाही. त्याच्या हिशोबात ते बसलं. तो परत आला आणि दगडावर बसला, पण या वेळी एका कडेला. काकू खाली उतरल्या, हळूहळू चालत गेल्या आणि उरलेल्या जागेत बसल्या. तो उठला नाही.

मी निघावं की थांबावं मला कळेना. तिथे माझं काही काम उरलं नव्हतं. मी चपला शोधायला वळलो तेव्हा त्याने हाक मारली.

"तुम्ही?"

"काय?"

"आईने जेवायसाठी म्हटलं. तुम्ही कशासाठी सांगितलं होतं?"

आजही मला दुसरं काही सुचलेलं नाही, आणि त्या दिवशी तर सुचण्याइतका वेळही नव्हता. तो खरं उत्तर मागत होता आणि माझ्याकडे तेवढं एकच होतं.

"गोष्ट चांगली व्हावी म्हणून," मी म्हणालो.

त्याने त्यावर विचार केला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता. त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

"झाली का?"

काकू माझ्याकडे बघत होत्या.

"झाली," मी म्हणालो.